अथेन्स आणि आसपास: तीन दिवस, दोन मुलं आणि दुखरे गुडघे

चाफेकळी:

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात म्युनिकहून अथेन्सला जायचं ठरतंय. शुक्रवारी दुपारी तीनला विमान उतरेल आणि सोमवारी संध्याकाळी पाचला परतीचं आहे. आम्ही दोघं, ७ आणि ११ वर्षांची मुलं आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. दोघंही सत्तरीचे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सपाटीवर तासभर चालतात, पायऱ्या मात्र जपून चढाव्या लागतात. दोघं पक्के शाकाहारी, अंडंही चालत नाही. सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय आहेत.

अॅक्रोपोलिस (पार्थेनॉन देऊळ असलेली टेकडी), तिथलं संग्रहालय आणि शहराबाहेरची एखादी प्राचीन जागा एवढं बघायचं आहे. पाच दिवसांचं एकत्र तिकीट घ्यावं असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. ते घ्यावं का? आणि बाहेरची एकच जागा जमणार असेल तर डेल्फी की मायसीनी?

दगडफूल:

एकत्र तिकिटाचा विषय आधी संपवू. ३० युरोत सात ठिकाणं दाखवणारं ते तिकीट एप्रिल २०२५ पासून बंद झालं आहे. जुन्या लेखांमध्ये अजून त्याची शिफारस दिसते, ती सोडून द्या. आता एकट्या अॅक्रोपोलिसचं तिकीट ३० युरो आहे आणि प्राचीन अगोरा (जुना बाजारचौक) वगैरे ठिकाणांचं वेगळं. अॅक्रोपोलिस संग्रहालय ही तर निराळीच संस्था आहे. टेकडीच्या तिकिटावर तिथे प्रवेश मिळत नाही आणि तिचं बुकिंगही तिच्याच संकेतस्थळावर होतं. तिकीट एकच समजून टेकडीवरून थेट संग्रहालयाच्या दारात जाणारे पुष्कळ असतात, त्यांना तिथे पुन्हा रांग लावावी लागते.

टेकडीवर ठरलेल्या तासाचाच प्रवेश मिळतो. दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा २०२३ पासून आहे. तिकिटावरच्या वेळेच्या १५ मिनिटं आधीपासून १५ मिनिटं नंतरपर्यंत आत सोडतात. एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत जाता येत नाही. सकाळी आठचा तास सगळ्यात आधी भरतो, म्हणून विमानाचं पक्कं झालं की लगेच तोच घ्या. ग्रीसच्या संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत तिकीट संकेतस्थळावरूनच घ्या. शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिराती बहुतेक दलालांच्या असतात आणि तेच तिकीट महाग विकतात.

सवलतींबद्दल मराठी कुटुंबांचा नेहमी गोंधळ होतो. २५ वर्षांखालच्यांना मोफत ही सोय युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. जर्मनीचा रहिवास परवाना त्यात मोजत नाहीत. संघाबाहेरच्या मुलांना पाच वर्षांपर्यंतच मोफत, त्यामुळे तुमच्या दोन्ही मुलांची तिकिटं काढावी लागतील. पासष्टीवरच्यांची सवलतही फक्त संघाच्या नागरिकांना, म्हणजे सासू-सासऱ्यांची पूर्ण तिकिटं.

२८ ऑक्टोबरला ग्रीसची राष्ट्रीय सुट्टी असते. त्या दिवशी सरकारी पुरातत्त्वस्थळं मोफत असतात, पण गर्दी उसळते आणि संचलनासाठी मध्यवर्ती रस्ते बंद होतात. तुमचा सोमवार त्या तारखेला येत असेल तर विमानतळावर जायला मेट्रोच धरा.

अजून एक. ग्रीसचं घड्याळ जर्मनीच्या एक तास पुढे आहे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन्हीकडची घड्याळं एक तास मागे जातात. आठचं तिकीट हातात असताना हे लक्षात असावं.

पाणकावळा:

मी क्रम बदलायला सांगेन. बहुतेक जण आधी टेकडी आणि मग संग्रहालय करतात. मुलं बरोबर असतील तर उलट करा. अॅक्रोपोलिस संग्रहालय शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. तीनला उतरून, सामान टाकून सहापर्यंत तिथे सहज पोचाल. आत सरकते जिने आणि लिफ्ट आहे, बसायला जागा आहे, गुडघ्यांना काही त्रास नाही.

मुलांना सरळ तिसऱ्या मजल्यावर न्या. ते दालन पार्थेनॉनच्याच दिशेला वळवून बांधलं आहे आणि काचेतून समोर टेकडीवरचं देऊळ दिसतं. देवळाभोवती फिरणारा मिरवणुकीचा शिल्पपट्टा मुळात सुमारे १६० मीटर लांब होता. त्यातला अंदाजे ५० मीटर इथे आहे आणि ८० मीटर लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये. मूळ दगड मधाच्या रंगाचे आहेत आणि जे बाहेर गेले त्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रती बसवल्या आहेत. 'इथे नसलेले दगड मोज' एवढंच सांगितलं की ११ वर्षांचं मूल अर्धा तास गुंतून राहतं आणि लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने काय नेलं ते त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

पहिल्या मजल्यावर एरेक्थेऑन देवळाचं छत डोक्यावर तोलणाऱ्या सहा स्त्रीमूर्तींपैकी पाच उभ्या आहेत. सहावी लंडनला आहे, तिची जागा रिकामी ठेवली आहे. उद्या टेकडीवर दिसतील त्या सहाही प्रती. याच मजल्यावरच्या आर्ष काळातल्या (पार्थेनॉनच्या आधीच्या) दालनात फोटो काढायला बंदी आहे, तिथे मोबाईल खिशात. धाकट्यासाठी लेगोचं अख्खं अॅक्रोपोलिस आहे, १,२०,००० हून जास्त ठोकळ्यांचं. इमारतीखाली जुन्या वस्तीचं उत्खनन काचेच्या जमिनीतून दिसतं. खाली उतरून फिरताही येतं आणि ते याच तिकिटात आहे.

आता शनिवार. टेकडीला दोन दारं आहेत. आग्नेयेकडचं दार मेट्रोच्या अक्रोपोली स्थानकाजवळ आहे. तिथे रांग लहान असते आणि चढण डायोनिससच्या नाट्यगृहावरून हळूहळू वर जाते, वीस-पंचवीस मिनिटांची. मुलांना घेऊन तुम्ही तिकडून जा. सासूबाईंसाठी पश्चिमेचं मुख्य दार. उत्तरेच्या कड्याला २०२० च्या डिसेंबरात नवी लिफ्ट बसवली आहे, ती चालायला त्रास असणाऱ्यांसाठीच आहे. दारावरच्या कर्मचाऱ्यांना सांगितलं की ते वाट दाखवतात. पण जोराच्या वाऱ्यात ती बंद ठेवतात, म्हणून सकाळी निघण्याआधी हॉटेलवाल्याकडून फोन करून घ्या. लिफ्ट बंद निघाली तर प्रवेशद्वाराच्या पायऱ्या टाळता येत नाहीत. तशा वेळी सासूबाईंनी खाली नाट्यगृहापाशी बसावं, जबरदस्ती करू नये.

खरा धोका चढण्यात नाही, घसरण्यात आहे. कोट्यवधी पावलांनी तिथला संगमरवर काचेसारखा गुळगुळीत झाला आहे आणि पावसाच्या दोन थेंबांनी तो साबणासारखा होतो. सगळ्यांना रबरी तळव्यांचे बूट हवेत. चपला आणि कातडी तळव्यांचे बूट नकोत, टाचांच्या बुटांना तर बंदीच आहे. वर माथ्यावर २०२०-२१ मध्ये सिमेंटची रुंद वाट केली, तिच्यावर पुष्कळ टीका झाली, पण सासूबाईंसारख्यांना ती फार उपयोगी आहे. सावली मात्र नाही. टोपी आणि पाणी जवळ ठेवा, खाणं आत नेऊ देत नाहीत आणि मोठ्या पिशव्याही नाहीत.

पार्थेनॉनजवळ एक गोष्ट नक्की करा. कोपऱ्यावर उभं राहून, डोळा पायरीच्या पातळीला आणून कडेने दूरवर बघा. पायरी सरळ नाही, मध्ये फुगलेली आहे, लांब बाजूला सुमारे ११ सेंटिमीटर आणि आखूड बाजूला ६. खांबही किंचित आत कललेले आहेत. दगडाला हात लावला किंवा पायरीवर चढलं की रखवालदार शिट्टी वाजवतात, म्हणून उभ्यानेच वाका.

शिलालेख:

पाणकावळा यांनी क्रम अचूक सांगितला आहे. पार्थेनॉन देवळाबद्दल थोडी भर घालतो, कारण वर गेल्यावर 'हे सगळं नवीनच का दिसतंय?' हा प्रश्न घरोघरी येतो.

इ.स.पू. ४४७ ते ४३२ मध्ये बांधलेलं हे देऊळ पुढे चर्च झालं, मग मशीद झालं आणि तोवर बरंचसं शाबूत होतं. १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने आतलं उस्मानी दारूकोठार उडालं आणि मधला भाग कोसळला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालानोस या अभियंत्याने पडलेले खांब उभे केले, पण दगड सांधायला साधं लोखंड वापरलं. प्राचीन कारागीर लोखंडी पकडींभोवती शिसं ओतत, त्यामुळे पाणी आत जात नसे. बालानोसच्या पकडींना ते कवच नव्हतं. लोखंड गंजलं, गंजून फुगलं आणि त्याने आतून संगमरवर फोडला. १९७५ मध्ये नेमलेल्या समितीने ते लोखंड काढून टायटॅनियम बसवायला घेतलं आणि ते काम अजून चालू आहे. पांढरेशुभ्र तुकडे दिसतात ते भरीचे आहेत, पेंटेली डोंगराच्याच संगमरवराचे. काळ जाईल तसे ते मधाच्या रंगावर येतात. मुलांना हे दाखवा. दगडाची डागडुजी कशी बिघडते आणि कशी सुधारतात हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

सासू-सासरे पुण्याचे आहेत तर त्यांना एक धागा जोडून द्या. एरेक्थेऑनचे खांब आयोनियन पद्धतीचे, वर वळसेदार माथा असलेले. त्याच आयोनियन नावावरून आपल्याकडचा 'यवन' (मुळात ग्रीक माणूस) शब्द आला. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात धेनुकाकट या गावचे यवन आहेत. लोणावळ्याला जाता-येता पाहिलेल्या त्या लेण्यातला शब्द इथे घरी आलेला दिसतो.

टेकडीवरून साडेदहा-अकरापर्यंत खाली या. जेवण, विश्रांती आणि तीननंतर प्राचीन अगोरा. तो जवळजवळ सपाट आहे, फक्त हेफेस्टसचं देऊळ छोट्या चढावर आहे आणि ते खालूनही छान दिसतं. ऑक्टोबर संपता संपता ही ठिकाणं सहाच्या सुमारास बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याआधी, म्हणून चारच्या पुढे ढकलू नका.

अगोरातलं संग्रहालय अटालॉसच्या स्टोआत आहे. ही लांबलचक दोन मजली पडवी १९५० च्या दशकात जुन्या पायावर पुन्हा उभारली. सासूबाईंना सावलीत बसायला उत्तम. आतल्या चार वस्तू चुकवू नका. हद्दपारीच्या मतदानाची खापरं, त्यांवर थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याचं नाव ओरखडलेलं दिसतं (किमान ६,००० मतं पडली तर एक माणूस दहा वर्षं शहराबाहेर). न्यायसभेसाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करणारं खाचांचं दगडी यंत्र. भाषणाची वेळ मोजणारं पाण्याचं घटिकापात्र, आपल्या घंगाळातल्या घटिकापात्राचं नातलग. फरक इतकाच की आपलं भरून बुडतं आणि त्यांचं रिकामं होतं. आणि बाळाला शी-शूला बसवायची मातीची खुर्ची. सात वर्षांच्या मुलाला अख्ख्या अथेन्समधलं हेच लक्षात राहील.

चाफेकळी:

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवार-शनिवार पक्का झाला. रविवारसाठी डेल्फी की मायसीनी ते सांगा. आणि जेवणाचं?

दगडफूल:

डेल्फी नको, निदान या वेळी नको. ठिकाण अप्रतिम आहे, पण ते डोंगराच्या उतारावर आहे. अपोलोचं देऊळ, त्यावर नाट्यगृह, त्याहून वर धावण्याचं मैदान, सगळी चढण. बसने जाता-येता पाच ते सहा तास जातात. सासूबाईंच्या वाट्याला संग्रहालय आणि खालच्या वाटेचा तुकडा एवढंच येईल. तिथे एक रात्र राहायची तयारी असेल तेव्हा जा.

मायसीनी (प्राचीन गड) आणि एपिडॉरस (प्राचीन नाट्यगृह) एका दिवसात होतं. सहा जणांना सात आसनी गाडी लागेल. टॅक्सीत चारच प्रवासी घेतात, त्यामुळे चालकासह लहान व्हॅन हा दुसरा चांगला पर्याय. बसने जाऊ नका, ती फिख्ती गावाच्या फाट्यावर सोडते आणि तिथून अवशेष तीन-चार किलोमीटर आत आहेत. स्वतः चालवणार असाल तर जर्मन परवाना चालतो. फक्त भारतीय परवाना असेल तर त्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना हवा. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला बालआसन सक्तीचं आहे, ते गाडी ठरवतानाच लिहून घ्या. रविवारी सकाळी गाडी देणारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळीच ताबा घ्या.

साडेसातला निघा. तासाभरात कॉरिंथचा कालवा लागतो, जुन्या पुलावरून दहा मिनिटं बघा. साडेसहा किलोमीटरहून थोडा कमी लांब, कापलेल्या कड्यांची उंची काही ठिकाणी ८० मीटरच्या आसपास आणि तळाशी रुंदी जेमतेम २१ मीटर. १८९३ मध्ये पुरा झाला. आजची मोठी जहाजं त्यात मावत नाहीत.

मायसीनीला गडाच्या अलीकडेच रस्त्यावर अट्रियसचा खजिना (नावाने खजिना, खरं तर थडगं) लागतो, तो आधी करा. सपाट वाट आणि आत दगडाच्या वळ्या एकावर एक सरकवून रचलेला साडेतेरा मीटर उंचीचा घुमट. दारावरची शिळा सुमारे १२० टनांची. गडाचं तिकीट इथेही चालतं, जपून ठेवा. मग गड. सिंहद्वारापर्यंत चढ बेताचा आहे आणि आत शिरल्या शिरल्या उजवीकडे राजांच्या थडग्यांचं वर्तुळ आहे. सासूबाईंनी तिथून परतून खालच्या संग्रहालयात बसावं. मुलांना घेऊन माथ्यावर जा आणि पलीकडे पाण्याच्या भुयाराच्या पायऱ्या उघड्या असतील तर बॅटरी लावून थोडं उतरा. पायऱ्या निसरड्या आणि आत मिट्ट काळोख, धाकट्याचा हात सोडू नका.

तिथून एपिडॉरस तासाभरावर. ५५ रांगांचं नाट्यगृह, १४,००० माणसं बसतील असं. मधल्या दगडावर नाणं टाकलं की सगळ्यात वरच्या रांगेत ऐकू येतं.

शिलालेख:

नाण्याबद्दल थोडी दुरुस्ती. २०१७ मध्ये आयंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठाने तिथे मोजणी केली. कुजबूज किंवा नाण्याचा आवाज ओळखू येईल असा वरपर्यंत पोचत नाही. मोठ्याने, स्पष्ट बोललेलं मात्र शेवटच्या रांगेपर्यंत जातं. याचं एक कारण दगडी पायऱ्यांच्या रचनेत सापडतं. ही रचना सुमारे ५०० हर्ट्झखालचा खर्ज दाबते, म्हणजे वाऱ्याची आणि लोकांची गुणगुण कमी होते आणि बोलण्यातली व्यंजनं उठून येतात. म्हणून मुलाला वर बसवून खालून 'शुभंकरोति' खड्या आवाजात म्हणा. वर स्पष्ट ऐकू येतं आणि सासूबाईंना एकही पायरी चढावी लागत नाही.

बाकी रविवारबद्दल पूर्ण सहमत, फक्त परतीची वेळ सांभाळा. अथेन्सचे लोक शनिवार-रविवार पेलोपोनीजमध्ये (मायसीनी-एपिडॉरस आहेत तो द्वीपकल्प) काढतात आणि रविवारी संध्याकाळी सगळे कॉरिंथच्या महामार्गावर एकत्र येतात. एपिडॉरसहून अडीच-तीनला निघालात तर गर्दीच्या पुढे राहाल. ते जमणार नसेल तर जवळच्या नाफ्लिओ गावच्या समुद्रकिनारी निवांत जेवून रात्री आठनंतर निघा. मधल्या वेळात निघू नका.

पाणकावळा:

जेवणाची काळजी करू नका, पण शब्द माहीत हवेत. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवास वर्षभर असतात, म्हणून बहुतेक खानावळींना 'निस्तिसिमो' हा शब्द कळतो. त्यात मांस, मासे, दूध, अंडं काही नसतं. एक सापळा आहे. कोळंबी, ऑक्टोपस, शिंपल्या उपवासाला चालतात, त्यामुळे तेवढं वेगळं विचारा.

बिनधास्त मागवावं असं: फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल, लिंबू पिळून सासऱ्यांना आवडेल), गिगांतेस (टोमॅटोत भट्टीत शिजवलेले पावट्यापेक्षा कितीतरी मोठे पांढरे दाणे), ब्रियाम (भट्टीत भाजलेल्या मिश्र भाज्या), फासोलाकिया (फरसबीची रस्साभाजी). गेमिस्ता म्हणजे भाताने भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची. काही ठिकाणी त्यात खिमा घालतात, 'होरिस किमा' म्हणजे खिम्याशिवाय असं सांगा. पालकाच्या आणि चीजच्या पाईमध्ये अंडं बहुधा असतंच. लिंबाच्या पांढऱ्या सॉसमध्ये, म्हणजे अवगोलेमोनोत, अंडं नक्की असतं. फेटा चीज पारंपरिक पद्धतीने प्राण्याच्या रेनेटवर (जठरातल्या विरजणावर) विरजतात, पक्के शाकाहारी असाल तर तेही बघा. सकाळच्या धावपळीत रस्त्यावर मिळणारं तिळाचं गोल कुलूरी उत्तम. रविवारी टॅव्हर्ना (ग्रीक खानावळी) दुपारी दोन ते चार तुडुंब असतात, साडेबारा-एकला बसा.

शिलालेख:

राहिला सोमवार. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय सोमवारी सकाळपासून उघडं असतं (मंगळवारी दुपारी एकला उघडतं, पुढच्या वाचकांसाठी). सामान हॉटेलात ठेवून नऊपर्यंत जा. व्हिक्टोरिया मेट्रो स्थानकापासून चालत दहा मिनिटं. सगळं बघायला गेलात तर दहाव्या दालनात मुलं बसकण मारतील, म्हणून पाचच थांबे.

चौथं दालन: मायसीनीच्या त्याच थडग्यांतलं सोनं आणि 'अगामेम्नॉनचा मुखवटा' (अगामेम्नॉन म्हणजे ट्रॉयच्या युद्धातला मायसीनीचा राजा). उत्खनन करणाऱ्या श्लीमनला तो १८७६ मध्ये मिळाला. तो इ.स.पू. सोळाव्या शतकातला आहे, ट्रॉयच्या युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळाहून काही शतकं आधीचा, म्हणजे अगामेम्नॉनचा नव्हेच. आदल्या दिवशी ते वर्तुळ पाहिलेलं असल्यामुळे मुलांना जागा आणि वस्तू जोडता येते, रविवारी मायसीनी घेण्याचं हे एक मोठं कारण. पंधरावं: समुद्रातून काढलेला दोन मीटरहून उंच कांस्यदेव, झ्यूस की पोसायडन हा वाद अजून मिटलेला नाही, हातातलं शस्त्र हरवलं म्हणून. एकविसावं: घोड्यावरचा लहान मुलगा. अडतिसावं: अँटिकिथेरा यंत्र, बुडालेल्या प्राचीन जहाजातून १९०१ मध्ये निघालेलं. ८२ तुकडे, निदान ३० दातेरी चक्रं आणि त्यांवर सूर्य-चंद्राच्या गती आणि ग्रहणांचं गणित. सासऱ्यांना पंचांगाची आवड असेल तर इथे त्यांना वेळ द्या. शेवटी लिफ्टने वर, अठ्ठेचाळिसाव्या दालनात सँटोरिनी बेटावरची भित्तिचित्रं, मुष्टियुद्ध करणारी दोन मुलं.

विमानतळाची मेट्रो साधारण अर्ध्या तासाला एक असते आणि शहराच्या मध्यावरच्या सिंटाग्माहून ४० मिनिटं लागतात. शहरातलं साधं तिकीट तिच्यावर चालत नाही, तपासनीस दंड करतात. तीन दिवसांचं पर्यटक तिकीट घेतलं तर विमानतळाचं जाणं-येणं त्यात धरलेलं असतं, पण ते पहिल्यांदा टेकवल्यापासून बरोबर ७२ तास चालतं. शुक्रवारी साडेतीनला वापरलंत तर सोमवारी साडेतीनच्या आत शेवटचं टेकवा. दोनची गाडी धरा. सिंटाग्मा स्थानकात पंधरा मिनिटं उरली तर भिंतीवर काचेआड उत्खननाचा उभा छेद जपला आहे, मातीचे थर, जुनी नळवाट आणि एक थडगं. फलाटावर जाण्याआधी तो बघून होईल.